आजीच्या इरकल नऊवारीचा को-ऑर्ड सेट: कापड पुरेल का, काठ कुठे घ्यायचा?

कैरीपन्हं:
आधी मत, मग प्रश्न. सध्याची ढगळ फॅशन मला मनापासून पटते. रुंद मोहरीची पँट, वर आखूड चौकोनी शर्ट, दोन्ही एकाच कापडाचे, म्हणजेच को-ऑर्ड सेट. मुंबईच्या घामट हवेत स्किनी जीन्सपेक्षा हे कधीही बरं. बाजारातले सेट मात्र बहुतेक पॉलिएस्टर क्रेपचे असतात. घाम आला की पाठीला चिकटतात, आणि लेडीज डब्यात तोच प्रिंट आणखी तिघींच्या अंगावर दिसतो तो वेगळाच.

आजीचं नऊवारी इरकल आहे. अंग सुती, हिरवा बारीक चौकडा, दोन्ही बाजूंना ४ इंची लाल रेशमी काठ आणि टोपपदर (इरकलचा खास रेशमी पदर). पन्ना (कापडाची रुंदी) ४६ इंच, लांबी आठ मीटरच्या थोडी वर. घड्यांवर दोन-तीन ठिकाणी विरल्यासारखं वाटतं. माझी उंची ५ फूट ४ इंच, छाती ३६, सीट ४०. शर्ट-पँट दोन्ही निघतील का? काठ कुठे घ्यावा? उरलेल्यातून कॉर्सेट (आत पट्ट्या घातलेला घट्ट) ब्लाउजही हवा आहे. रोज लोकलने जायचं असतं आणि पावसातही घालायचा आहे, हे धरून सांगा.

सुईदोरा:
नऊवारीत दोन्ही आरामात बसतं. पण कात्री लावण्याआधी कापड तपासून घे.

साडी खिडकीच्या उजेडासमोर धरून टोकापासून टोकापर्यंत बघत जा. नेसताना कास्ट्याला ताण पडतो तो भाग आणि बसायचा भाग आधी विरतो, नंतर घड्यांच्या रेषा. शंका येईल तिथे दोन्ही अंगठे एक इंच अंतरावर ठेवून कापड उभं आणि आडवं ताण. धागे सरकून जाळी दिसली किंवा बारीक चरचर ऐकू आली, तर तो पट्टा खडूने आखून बाद कर. काठ आणि अंग जिथे जुळतात तिथेही हेच कर. बऱ्याचदा अंग ठणठणीत असतं आणि काठ त्या रेषेवर सुटत आलेला असतो.

आता बेत. साडी आडवी कापायची, म्हणजे कपड्याची उंची पन्न्यात घ्यायची. खालचा काठ आपोआप पायाशी येतो आणि तिथे दुमड घालावी लागत नाही, कारण किनार विणतानाच पक्की झालेली असते. ४६ मधून वरचा ४ इंची काठ काढला की ४२ उरतात. कमरेच्या इलॅस्टिकला २ इंच दुमड गेली तरी ४० इंचांची पँट निघते. तुला ३७ पुरेल. पुढचे दोन भाग मायेसकट (शिवणीसाठी सोडलेल्या जास्तीच्या कापडासकट) १५-१५ इंच, मागचे १८-१८, मिळून ६६ इंच. पँटला १.८ मीटर धर. आडव्या कापणीत ताणा (साडीच्या लांबीतले धागे) आडवा येतो, त्यामुळे घेर पायाला लपेटत नाही, किंचित उभा राहतो. या फॅशनला तेच हवं असतं.

शर्टाची गंमत याहून छान आहे. पन्ना मधोमध चिरला की २३ इंचांच्या दोन पट्ट्या मिळतात आणि दोन्हींना एकेक काठ असतो. एका पट्टीतून पाठ, दुसरीतून पुढचे दोन भाग, आणि सगळ्यांच्या खालच्या कडेला काठ. तयार उंची साधारण २२ इंच. ती सीटच्या सर्वांत रुंद रेषेच्या वर थांबते, म्हणून पाय लांब दिसतात. हाच शर्ट २६ इंचांचा केलास तर रुंद पँटवर नुसता खोका दिसेल. तयार घेर ४६ ठेव, छातीवर १० इंच ढिलाई. बाह्यांसकट १.३ मीटर. काठ सरळ असतो, म्हणून खालची कडही सरळच ठेवायची. गोलाई मागितलीस तर काठ कापला जाईल.

दोन्ही मिळून ३.१ मीटर, चौकडा जुळवायला जास्तीचं धरून साडेतीन. विरलेले भाग टाळायला तुझ्याकडे भरपूर जागा आहे. सहावारीत ही चैन नसते.

निळी छत्री:
कापण्याआधी पाणी! ही पायरी गाळली की पहिल्याच धुण्यात सेट बिघडतो. सुती अंग आटतं, रेशमी काठ तेवढा आटत नाही, आणि मग मोहरीला काठ लाटांसारखा वर-खाली होतो. नंतर कितीही इस्त्री केली तरी तो बसत नाही.

लाल रंगाची परीक्षा आधी घ्या. काठाच्या आतल्या कोपऱ्यावर ओला पांढरा रुमाल ठेवून वरून गरम इस्त्री दाबा. रुमालावर गुलाबी उमटलं तर साडी कधीही भिजत ठेवू नका. थंड पाण्यातून झटपट काढा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत पसरून वाळवा. मीठ घातलं की रंग पक्का होतो हा समज सोडा. सुती कापड रंगवताना मिठाचा उपयोग होतो, तयार कापडातून सुटणारा रंग त्याने थांबत नाही. रुमाल कोरा राहिला तर तासभर साध्या पाण्यात ठेवायला हरकत नाही.

अस्तरही पाण्यातून काढूनच शिंप्याकडे द्या. पँटला केंब्रिक (दाट विणीचं सुती), शर्टाला मलमल. टू बाय टू रुबिया ब्लाउजला ठीक, इथे नको, दोन थरांत गरम होईल. अस्तर वेगळं लोंबतं ठेवू नका. प्रत्येक तुकड्यामागे तेवढाच अस्तराचा तुकडा ठेवून कडेने कच्ची टीप मारायची आणि दोन्ही मिळून एकच कापड समजून शिवायचं. ताण अस्तर घेतं, इरकल फक्त दिसतं. पँटला ते गुडघ्याच्या खाली थोडं गेलं की पुरे. मोहरीपर्यंत नेलं तर पावसात दोन्ही थर भिजतील आणि संध्याकाळपर्यंत वाळणार नाहीत.

मशीनला नवी ११ नंबरची सुई, इंचाला १० टाके. बारीक टीप मजबूत असते असं वाटतं, पण जुन्या कापडात जवळजवळ भोकं पडली की ते त्याच रेषेवर फाटतं. बाजूंना पाऊण ते एक इंच माया ठेवायला सांगा. शिंपी सवयीने अर्धा इंच ठेवतात.

फिरकी:
लोकलसाठी तीन जागा सांभाळ: मुंढा (बाही जोडतात ती खाच), आसन (कमरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतचा भाग), मोहरी.

खांदा उतरता ठेवला की शिंपी मुंढाही खूप खोल कापतात. हात खाली असताना झकास दिसतं, पण डब्यातली कडी धरायला हात वर गेला की अख्खा शर्ट वर येतो. शर्ट २२ इंचांचाच असल्याने पोट उघडं. मुंढा नेहमीच्या मापापेक्षा एक ते दीड इंच खोल, त्याहून जास्त नाही. बगलेत ३ इंची चौकोनी तुकडा घातला तर उत्तमच, हात वर जातो आणि शर्ट जागच्या जागी राहतो.

आसनाचं माप उभं राहून देऊ नकोस. कडक खुर्चीवर बसून कमरेपासून बैठकीपर्यंत बाजूने मोज आणि त्यात दीड इंच मिळव. आसन कमी पडलं की डब्यात चढायला पाय उचलताना मागची शिवण फाटते. तिथे दुहेरी टीप आणि आतून सुती टेप लावून घे.

मोहरी २६ इंच पुरे. ३२ ची मोहरी फोटोत सुंदर दिसते, सरकत्या जिन्यावर नाही. उंची मोजताना पावसाळ्यात घालायची चप्पल पायात असू दे आणि जमिनीपासून २ ते ३ इंच वर थांब. सुती कापड पाणी वर ओढतं, कड भिजली की चिखलाचा पट्टा थेट पोटरीपर्यंत चढतो.

कॉर्सेटला माझा स्पष्ट नकार. ढगळ कपड्यात शिवणीवर ताण नसतो, म्हणूनच जुनी साडी त्यात टिकते. कॉर्सेटचं सगळं काम ताणावर चालतं. हट्टच असेल तर आत ड्रिलचे (जाड सुती कापडाचे) दोन थर घे, प्लास्टिकच्या पट्ट्या त्या दोन थरांमध्ये बसव आणि इरकल फक्त वरून चढव. पट्टी शिवणीच्या पाव इंच आधी संपली पाहिजे आणि टोकं मेणबत्तीवर धरून गोल केलेली हवीत, नाहीतर ती कापड भोसकून बाहेर येतात. एवढं करूनही जून महिन्यात ते अंगावर कोण ठेवणार?

कैरीपन्हं:
कॉर्सेट रद्द. सुईदोराताई, वरून निघालेला ४ इंची काठ कुठे वापरू? शर्टाची पाठ पदरातून करायचा विचार आहे. आणि पँटला खिसे हवेतच.

सुईदोरा:
तो काठ बटणपट्टीला लाव. कॉलरला नको, मानेच्या घामाने रेशीम लवकर खराब होतं. डिओडरंटचंही तेच, बाह्यांचं अस्तर बगलेत दुहेरी घे. कॉलरला आतून जाड बक्रम (कडक कापड) लावू देऊ नकोस. पातळ पेस्टिंग (इस्त्रीने चिकटणारं कापड), तेही आधी तुकड्यावर चिकटवून बघून. जुन्या कापडावर गोंद वरून डागासारखा दिसू शकतो.

खिसा बाजूच्या शिवणीत असला तरी त्याची पिशवी वर कमरपट्टीत अडकव. फोनचं वजन मग कमरेवर येतं. पिशवी पॉपलिनची, तोंडाला चेन. कमरेला पुढे सपाट पट्टी आणि फक्त मागे दीड इंची इलॅस्टिक. पूर्ण गोल इलॅस्टिक घातलं की पँटचा पायजमा होतो.

निळी छत्री:
पदराला हात लावू नका, अशी विनंती. इरकलचा पदर अंगाच्या सलग विणलेला नसतो. त्याचा ताणा वेगळा असतो आणि अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला असतो. ती रेषा पाठीवर आली तर वाकताना ताण नेमका तिथेच. शिवाय पदर रेशमी, अंग सुती, दोन्ही वेगवेगळे आटणार. जोडापासून अंगाकडचं ६ इंच कापड सोडून पदर अख्खा काढा आणि ओढणी करा. साध्या पांढऱ्या कुर्त्यावर वापरता येईल.

सुईदोरा:
हे मान्य. पाठीचा पदर फोटोत भाव खाऊन जातो, पण धुण्यात टिकत नाही.

फिरकी:
शिंप्याला मोबाइलवरचा फोटो दाखवून काम होत नाही. फोटोतलं कापड लिननचं असतं आणि मॉडेल उभी असते. तुला नीट बसणारी एखादी पँट आणि शर्ट मापाला दे. आधी मांजरपाटाचा (साध्या कोऱ्या सुती कापडाचा) नमुना शिवून घे, ४ मीटरमध्ये दोन्ही होतील. तो घालून खाली बस, हात वर कर, जिना चढ, मगच इरकलला कात्री. मांजरपाट, केंब्रिक, मलमल दादरच्या हिंदमाताला किंवा मंगलदास मार्केटला मिळेल. जोराचा पाऊस असेल त्या दिवशी हिंदमाता टाळ, तिथे पाणी भरतं. बटणं आणि चेन भुलेश्वरला.

गणपतीत घालायचा असेल तर कापड आषाढातच शिंप्याच्या हाती दे. श्रावण लागला की चांगले शिंपी नवीन काम घेत नाहीत, आणि घेतलंच तर नमुन्याची ट्रायल पहिली गाळतात.