नवी गाडी, ओडोमीटर 140, आणि गणपतीला थेट कुडाळ. न्यावी का?

सिंहगडरोडकर
मंडळी, गेल्या रविवारी गाडीची डिलिव्हरी घेतली, छोटी एसयूव्ही, पेट्रोल, मॅन्युअल. आत्तापर्यंत फक्त ऑफिस, सारसबागेचा गणपती आणि सासुरवाडी एवढंच झालंय, मीटरवर 140 किमी. आता गणपतीला पुण्याहून कुडाळला जायचंय, कोल्हापूर-राधानगरी-फोंडा घाट असं, एका बाजूने साधारण पावणेचारशे किमी पडेल. आम्ही पाच जण आणि सामान म्हणजे डिकी फुल. पहिलं सर्व्हिसिंग 1000 किमी किंवा एक महिना असं पुस्तकात लिहिलंय. ऑफिसमधला एक जण म्हणतो सर्व्हिसिंगच्या आधी लांब नेऊच नको, इंजिन बसेल. शोरूमवाला म्हणतो बिनधास्त न्या. वडील म्हणतात यष्टीने जाऊ. काय काय बघून निघू? आणि पावसात दिसायला एक्स्ट्रा फॉग लॅम्प लावून घेऊ का, बाहेर स्वस्तात होतायत.

घाटमाथा
न्या हो. रनिंग-इन, म्हणजे नवं इंजिन रुळेपर्यंतचे पहिले हजारेक किमी, याचा अर्थ गाडी झाकून ठेवणं नाही, उलट असा मोकळा रस्ता शहराच्या ट्रॅफिकपेक्षा बरा. फक्त एकाच स्पीडला तासन् तास धरून ठेवू नका, कधी 70 कधी 90 असं खालीवर होऊ द्या, आणि पहिले हजार किमी आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) 3000 च्या आसपास राहील असं बघा. दुसरी चूक लोक उलट्या बाजूने करतात, नवी आहे जपू म्हणून चढाला चौथ्या गिअरमध्ये रखडवत नेतात, इंजिन घरघरतं तरी गिअर पाडत नाहीत, त्याने जास्त वाट लागते. पाच माणसं आणि भरलेली डिकी असेल तर चढाला सरळ दुसरा टाका, आरपीएम जरा वर गेला तर जाऊ दे.
हिशोब केला का? 140 अधिक जाऊन-येऊन 750, तिकडचं फिरणं धरून हजारालाच परत येताय. आल्याच्या आठवड्यात सर्व्हिसिंगची अपॉइंटमेंट आत्ताच घेऊन ठेवा, गणपतीनंतर तिथे जत्रा असते.

पान्हा_दहाबारा
मी बारा वर्षं वर्कशॉपला होतो म्हणून सांगतो, इंजिनाची काळजी सगळे करतात, टायरची कोणी करत नाही. यार्डात गाड्या महिनोन् महिने उभ्या असतात म्हणून टायरमध्ये हवा मुद्दाम जास्त भरलेली असते आणि डिलिव्हरीच्या गडबडीत ती कमी करायची राहून जाते. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर स्टिकर असतो, त्यात दोन आकडे असतात, कमी माणसांचा आणि फुल लोडचा. तुम्ही फुल लोडचा धरा. सकाळी गाडी हलवायच्या आधी, थंड टायरवर. दहा किमी चालवून पंपावर गेलात तर आकडा चढलेला दिसणार.
आणि नव्या टायरवर साच्यातून काढताना लावलेल्या पदार्थाचा गुळगुळीत थर राहतो, तो घासून जाईपर्यंत ओल्या रस्त्यावर पकड कमीच. ब्रेक पॅडही अजून डिस्कला नीट बसलेले नाहीत. म्हणून निघायच्या आधी अजून शंभर-दीडशे किमी गावात काढा, आणि फोंडा उतरताना ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका, ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा.
फॉग लॅम्प: वायर कापून जोडणार असेल तर नको. उद्या काहीही इलेक्ट्रिकल बिघडलं की पहिली ती जोडलेली वायर दाखवतात आणि वॉरंटी नाही म्हणून मोकळे होतात.

कुडाळचो_झील
येवा येवा! पण अंधारात घाट उतरू नका, पुण्याहून पहाटे चारला निघा. दाजीपूरच्या पट्ट्यात धुकं असतं आणि गवे रस्त्यावर येतात, गवा म्हणजे काय चीज आहे ते बोनेटसमोर आल्याशिवाय कळत नाही, हॉर्न मारू नका, लाईट डिम करून थांबा, जातो तो आपापला.
इथे आल्यावर पाच दिवस गाडी फणसाखाली उभी राहणार ना? मग हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओल्यात मागचे ब्रेक चिकटतात. सपाट जागा बघून गिअरमध्ये टाका आणि चाकाला दगड लावा. उंदीर हा दुसरा विषय. चुलतभावाच्या नव्या गाडीची वायर तिसऱ्या दिवशी कुरतडली, विसर्जनाच्या सकाळी सेल्फ मारला तर डॅशबोर्डवर नुसती दिवाळी. रोज एकदा बोनेट उघडून बघा आणि चालू करून पाच-दहा किमी फिरवून आणा. तंबाखूची पुडी ठेवतात लोक, आमचा उंदीर पुडीवर बसून वायर खातो.

पेठेतली_सून
फास्टॅग बघितलात का? नव्या गाडीला शोरूममधून लावून देतात तो बऱ्याचदा चॅसी नंबरवर असतो, नंबर प्लेट आली की गाडीचा नंबर अपडेट करून घ्यावा लागतो. ऑगस्ट 2025 मध्ये वार्षिक पास आला (तेव्हा 3000 रुपयांत 200 फेऱ्या किंवा एक वर्ष), तो चॅसी नंबरवाल्या टॅगला मिळत नाही. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी, चारही तुमच्या वाटेवर आहेत. अर्थात गणपतीत कोकणात जाणाऱ्यांना टोलमाफीचे पास देतात, आरटीओत किंवा पोलीस चौकीत चौकशी करा, म्हणजे वार्षिक पासची घाई नको. पीयूसी पहिलं वर्षभर लागत नाही. आरसी आणि इन्शुरन्स डिजिलॉकरमध्ये टाकून ठेवा, घाटात रेंज नसते म्हणून फोनमध्ये डाउनलोडही करा.
आणि मुलं असतील तर नव्या गाडीचा तो वास + बंद काचा + घाट = उलटी. आमच्याकडे अनुभव दांडगा आहे. राधानगरीच्या आधी एसी बंद, काचा खाली, पोटात फक्त सुकी चपाती, आणि आवळा सुपारी.

एकदा_अडकलेला
एकच सांगतो. जॅक घरी काढून बघा. मी नव्या गाडीने असाच निघालो होतो, घाटाच्या पायथ्याला पंक्चर, धो धो पाऊस. सगळं सामान रस्त्यावर ताडपत्रीवर काढलं, सासूबाई छत्री धरून उभ्या, स्टेपनी काढली तर तिच्यात निम्मीच हवा. आणि चाकाचे नट शोरूमला मशीनने असे आवळलेले की पान्ह्यावर उभा राहून नाचलो तेव्हा सुटले. टो हुक (गाडी ओढून न्यायचा) कुठे लागतो तेही तेव्हाच पुस्तकातून वाचलं, मोबाईलच्या टॉर्चमध्ये.

सिंहगडरोडकर
सगळ्यांचे आभार. आज सकाळी पार्किंगमध्ये तासभर हाच उद्योग केला, वॉचमन खुर्ची घेऊन बघायला बसला होता. स्टिकरवर 36, चारही टायरमध्ये 44! स्टेपनीत 22. जॅक अजून पॉलिथिनमध्ये होता, हँडल कुठे अडकवायचं तेच वीस मिनिटं कळेना. एक चाक काढून परत लावलं, कंबर धरलीये. ते स्टेपनीचं चाक बाकीच्यांपेक्षा बारीक आहे हेही आजच कळलं, त्यावर 80 च्या वर नेऊ नका असं लिहिलंय. फॉग लॅम्प कॅन्सल.
आता एकच राहिलं. सीटवरचं प्लास्टिक. आई म्हणते गावच्या देवीपुढे नारळ फुटेपर्यंत काढायचं नाही.

पान्हा_दहाबारा
काढा. घसरतं, घाम येतो, आणि सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर त्यावर काहीच नको, नंतर कव्हर घ्याल तेही एअरबॅगची शिलाई मोकळी ठेवणारंच घ्या.

पेठेतली_सून
पुढचं काढा. मागचं जाताना राहू दे, घाट उतरल्यावर आईंना मनातल्या मनात थँक्यू म्हणाल.