मदत हवी आहे: डायलिसिसनंतर कायटिनेज जातं कुठे?

बुरशीवाला, नागपूर: मेटारायझियम ॲनिसोप्ली या कीटकांवर वाढणाऱ्या बुरशीपासून कायटिनेज (कीटकांच्या कातडीतलं कायटिन तोडणारं एन्झाइम) शुद्ध करायचं आहे. माध्यमात १ टक्का कोलॉइडल कायटिन, १५० आरपीएम, सहा दिवस. शेकर २८ अंशांवर लावलाय, पण त्याला कूलिंग नाही, त्यामुळे मेच्या उन्हात फ्लास्क ३४ पर्यंत तापतात. गाळलेल्या द्रवात डीएनएसने (साखर मोजणारी रंगचाचणी) भरपूर ॲक्टिव्हिटी दिसते. ८० टक्के संपृक्ततेपर्यंत अमोनियम सल्फेट घालून प्रथिनं खाली बसवली आणि मीठ काढायला पडद्याच्या पिशवीत रात्रभर डायलिसिस झालं की चौथा हिस्साही हाती लागत नाही. ब्रॅडफर्डमध्ये (प्रथिनं मोजणारी रंगचाचणी) प्रथिनं मात्र दिसतात. चूक कुठे होतेय?

काचेचीनळी: ती ॲक्टिव्हिटी मुळात होती का, ते आधी बघा. डीएनएसला कुठलीही रिड्युसिंग साखर चालते, आणि सहाव्या दिवशी माध्यमात सुटलेलं एन-ॲसिटिलग्लुकोसामाइन असतंच. डायलिसिसमध्ये ती साखर निघून जाते आणि आपण एन्झाइम गेलं म्हणून रडत बसतो! प्रत्येक नमुन्याचा स्वतःचा ब्लँक (एन्झाइमचं काम न होता येणारा रंग मोजणारी नळी) लावा: त्याच सबस्ट्रेटमध्ये, म्हणजे कायटिनमध्ये, आधी डीएनएस, मग एन्झाइम. शिवाय पेलेट (मिठाने खाली बसलेला गाळ), वरचं द्रव आणि पिशवीतलं द्रव, तिन्हींचे एकूण युनिट (आकारमान गुणिले ॲक्टिव्हिटी) मांडा. बेरीज जुळली नाही तरच एन्झाइम मेलं म्हणायचं.

साल्टकट: ब्लँकनंतरही घट राहिली तर संशय प्रोटिएजवर, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमवर. कीटकांच्या कातडीतून घुसायला ही बुरशी पीआर१ हे सबटिलिसिन गटातलं प्रोटिएज सोडते, आणि ते कायटिनेजलाही सोडत नाही. १ मिलीमोलर पीएमएसएफ (असं प्रोटिएज रोखणारं रसायन) घाला. आयसोप्रोपॅनॉलमध्ये विरघळवून ऐनवेळी टाका, कारण पाण्यात ते लवकर निकामी होतं. विषारी आहे, हातमोजे हवेतच. ब्रॅडफर्डवर विसंबू नका, तुटलेली प्रथिनंही तिथे रंग देतात.

मीठ (अमोनियम सल्फेट) मोजताना तापमान बघा: ० ते ८० टक्के संपृक्ततेसाठी २०० मिलीला बर्फावर साधारण १०३ ग्रॅम, २५ अंशांना ११२ ग्रॅम. बर्फात ठेवून चिमटीचिमटीने टाका, एकदम ओतलं की फेस येतो. डायलिसिस ४ अंशांनाच.

बुरशीवाला, नागपूर: ब्लँक लावलाच नव्हता. आणि ३४ अंश?

साल्टकट: या बुरशीला २५ ते ३० मानवतं. ३४ ला वाढ खुंटते, फ्लास्क एसी खोलीत हलवा. उरलेल्या नमुन्याचा ग्लायकॉल कायटिनवर (विरघळणारं कायटिन) झायमोग्राम काढा, म्हणजे ते कायटिन घातलेल्या जेलमध्ये एन्झाइमला काम करू द्या. कॅल्कोफ्लूरने (कायटिनला चिकटून यूव्हीत चमकणारा रंग) रंगवून यूव्हीखाली काळा पट्टा दिसला तर एन्झाइम जिवंत आहे.