अनुभव धागा: माशांच्या छोट्या टाकीत कोणाचं कोणाशी जमलं?

माझी टाकी दोन फुटी आहे: ६० सेंमी लांब, ३० रुंद, ३० उंच. काठोकाठ भरली तरी ५४ लिटर. त्यात सहा निऑन टेट्रा आहेत आणि ते दिवसभर मागच्या कोपऱ्यात, झाडांच्या आड असतात. टाकी सुनी वाटते. सोबतीला कोण आणावं? तुमच्याकडे कोणाचं कोणाशी जमलं, कोणाचं बिनसलं, सविस्तर लिहा. फसलेले प्रयोग तर आवर्जून लिहा.

—

एंजल आणू नका. मी आणले तेव्हा बोटाच्या पेराएवढे होते, निऑनसोबत छान फिरायचे. काही महिन्यांनी रोज सकाळी निऑन मोजले की एखादा कमी भरायचा, मेलेला मात्र कुठेच सापडायचा नाही. तोंडात मावेल तो मासा एंजल खातोच. चूक माझ्या निवडीची होती.

—

माझ्याकडे तीन टायगर बार्ब आणि एक फायटर होता. चार दिवसांत फायटरच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या. त्याला वेगळ्या टाकीत हलवलं, तेव्हा पर हळूहळू परत आले. बार्ब आठ-दहा असले की बराचसा दंगा आपापसातच करतात, पण लांब परांच्या माशासोबत तेव्हाही नकोच.

—

ताई, तुमचा तळ रिकामा आहे, तिथे कोरी (कोरिडोरस, तळाशी फिरणारा छोटा मिशीवाला मासा) सोडा. मी आधी एकच आणली होती, ती फिल्टरमागे पडून असायची. आणखी पाच आणल्या आणि सगळ्या मिळून वाळू हुंगत फिरायला लागल्या. खाली टोकदार खडी असेल तर त्यांच्या मिशा झिजतात. माझ्या पहिल्या कोरीच्या निम्म्याच उरल्या होत्या, म्हणून सगळी खडी काढून बारीक वाळू घातली. कोरी मधूनच सुर्रकन वर येऊन हवा गिळते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ऑक्सिजन कमी पडलाय असं वाटून मी रात्रभर जागले. पण ही त्यांची सवयच आहे, त्यांना आतड्यातून हवा शोषता येते. सारख्या वर यायला लागल्या तर मात्र पाणी तपासा. आणि वरच्यांचं उष्टं खाऊन त्यांचं पोट भरत नाही. दिवा मालवताना बुडणाऱ्या गोळ्या टाकायच्या.

—

शेवाळ खाईल म्हणून सकर घेऊ नका. साधा सकर फूटभर किंवा त्याहून मोठा होतो.

—

लाजऱ्या माशांना धीर द्यायला मी झेब्रा डॅनिओ सोडले. त्यांची अखंड पळापळ बघून निऑन आणखीच दबले, खाणं त्यांच्यापर्यंत पोचेना. डॅनिओ मित्राच्या लांब टाकीत दिले आणि आठ हार्लेक्विन रासबोरा आणले. ते संथ, एकमेकांना धरून पोहणारे. आठवडाभरात निऑन त्यांच्यासोबत पुढे यायला लागले.

—

गप्पी सुचवणाऱ्यांसाठी: गप्पीला थोडं कठीण पाणी मानवतं, निऑनला मऊ. शिवाय मादी महिन्याकाठी पिल्लं देते. माझी टाकी बघता बघता भरली होती.

—

मला वाटतं नवी जात नंतर, आधी निऑनच वाढवा. सहा म्हणजे अगदी किमान. माझ्याकडे सहाचे बारा झाले, वर तरंगती झाडं सोडून उजेड मंद केला, आणि तेच मासे मोकळे फिरू लागले. एवढ्या पाण्यात मधल्या थरात एक जात आणि तळाशी एक, बास. मात्र सगळे एकदम सोडू नका. फिल्टरमधल्या जिवाणूंना माशांच्या घाणीतून वाढलेला विषारी अमोनिया पचवायला वेळ लागतो. मी एकदा घाई केली आणि आठवड्यात पाच मासे गमावले. नवे मासे आधी तीन-चार आठवडे वेगळे ठेवा.

—

सगळ्यांचे मनापासून आभार. सहा नवे निऑन महिनाभर वेगळे ठेवून काल टाकीत सोडले, तरंगती झाडंही टाकली. आज सकाळी बाराही जण समोरच्या काचेपाशी होते. वाळू आणून ठेवली आहे. अमोनिया आणि त्यापासून बनणारं, तेवढंच घातक नायट्राइट शून्यावर टिकले की कोरी आणेन. ५४ लिटरमध्ये सहा छोट्या कोरी जास्त होणार नाहीत ना?