मदत हवी आहे: एकाच रुग्णाच्या रक्तात दोन प्रकारचे मायक्रोफायलेरिया (फायलेरिया जंतांची सूक्ष्म पिल्लं), स्टूलमध्ये अंडी आणि अळ्या. रिपोर्ट काय द्यावा?

काचपट्टी:
नमस्कार मंडळी. ब्लड आणि स्टूल रोज बघणाऱ्यांकडून मार्गदर्शन हवं आहे. डॉक्टर औषध लिहायचे थांबलेत, त्यामुळे थोडी घाई आहे.

मी सध्या मध्य आफ्रिकेत एका छोट्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रुग्ण मध्यमवयीन पुरुष, जंगलात लाकूडतोडीच्या कामावर. अंगाला खाज, मनगटाजवळ सूज येते आणि काही दिवसांत आपोआप उतरते, मधूनमधून पोटदुखी. इओसिनोफिल (जंत असताना वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) भरपूर वाढलेत.

रक्त दुपारी एकच्या सुमारास घेतलं. 20 मायक्रोलिटरचा थिक स्मिअर (काचेवर रक्ताचा जाड थर), जिम्सा स्टेन. 10 एक्सखालीच दोन प्रकार वेगळे दिसतात. एक मोठा, भोवती न रंगलेली फिकट कड. दुसरा बारीक, आवरण दिसत नाही. मोठा लोआ लोआ, यावर आमचं एकमत आहे. बारक्यावरून वाद आहे. एक सहकारी म्हणतात हा हत्तीरोगाचा, वुचेरेरिया बँक्रॉफ्टी, स्मिअर वाळताना आवरण निघून गेलं असेल. दुसरे म्हणतात मॅन्सोनेला पर्स्टन्स.

स्टूलच्या काटो-कॅट्झ पट्टीत (साच्याने मोजून घेतलेलं स्टूल, ग्लिसरीनखाली) शिस्टोसोमा मॅन्सोनीची 9 अंडी. बाजूचा काटा इतका स्वच्छ दिसतो की शंकेला जागा नाही. हुकवर्म (अंकुशकृमी) दिसला नाही. पण सलाइन माउंटमध्ये वळवळणाऱ्या अळ्या आहेत. सँपल आदल्या संध्याकाळचं. स्ट्राँजिलॉइडिस (आतड्यातला बारीक जंत) लिहू का? डॉक्टरांनी स्किन स्निपही (त्वचेचे बारीक तुकडे) मागितलेत, ते उद्या घ्यायचे आहेत.

जिम्सावाली:
बारक्याचं आधी बघू. आवरण आहे की नाही यावर निदान ठेवू नका. वाळताना ते खरंच निघून जातं, तुमचे पहिले सहकारी तेवढ्यापुरते बरोबर आहेत. ऑइल इमर्शन (तेलाखालची 100 एक्स) लावा आणि शेपूट बघा. बँक्रॉफ्टीच्या शेपटीच्या टोकाला केंद्रकं नसतात, टोक रिकामं आणि निमुळतं असतं. पर्स्टन्समध्ये केंद्रकांची रांग थेट टोकापर्यंत जाते आणि टोक बोथट असतं. लोआमध्येही केंद्रकं टोकापर्यंत जातात, पण त्याची लांबी-रुंदी दोन्ही जास्त.

आयपीस मायक्रोमीटर असेल तर मोजाच. स्टेन केलेल्या स्मिअरवर पर्स्टन्स साधारण 190 ते 200 मायक्रॉन भरतो, लोआ 230 ते 250, बँक्रॉफ्टी 244 ते 296. रुंदीतला फरक तर नुसत्या नजरेनेही कळतो, पर्स्टन्स जेमतेम साडेचार मायक्रॉनचा. एकाच अळीवरून ठरवू नका. शेपूट दुमडलेली असली की केंद्रकं टोकापर्यंत गेल्याचा भास होतो. शेपूट सरळ पसरलेल्या पाच-सहा तरी शोधा.

आणि बँक्रॉफ्टी ‘नाही’ म्हणायचं असेल तर दुपारच्या रक्तावर म्हणता येणार नाही. तो रात्री रक्तात उतरतो, लोआ दिवसा. रात्री दहा ते दोनच्या दरम्यान पुन्हा रक्त घ्या. पर्स्टन्सला वेळेचं असं बंधन नाही, तो दोन्ही वेळी सापडेल.

काचपट्टी:
धन्यवाद ताई. मायक्रोमीटर आहे, पण फक्त 40 एक्सला कॅलिब्रेट केलेला आहे.

जिम्सावाली:
मग 40 एक्सलाच मोजा. एका ऑब्जेक्टिव्हचं कॅलिब्रेशन दुसऱ्याला चालत नाही. शेपूट मात्र 100 एक्सलाच.

जुना लॅबवाला:
अळ्यांवर मी बोलतो, कारण या रुग्णात खरी मेख तिथे आहे.

स्ट्राँजिलॉइडिस लिहिलंत की डॉक्टर आयव्हरमेक्टिन लिहिणार, त्यावरचं नेहमीचं औषध तेच. आणि रक्तात लोआ आहे! लोआचे मायक्रोफायलेरिया मिलिलिटरला 30,000 च्या वर असताना आयव्हरमेक्टिन दिलं तर मेंदूवर परिणाम होऊन रुग्ण कोमात जाऊ शकतो. 8,000 च्या वरही सांभाळून राहावं लागतं. डीईसी या फायलेरियावरच्या दुसऱ्या औषधाच्या बाबतीतही तेच. त्यामुळे ‘लोआ दिसला’ एवढं पुरेसं नाही, आकडा हवा. तुमचा स्मिअर मोजून 20 मायक्रोलिटरचा आहे हे फार बरं झालं. सगळा स्मिअर मोजा, 50 ने गुणा. गंमत बघा, लोआ जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित रोगांच्या यादीतच नाही, आणि यादीतल्या रोगांवरचं औषध मात्र तोच अडवून धरतो.

आता अळी कोणाची. रात्रभर बाहेर राहिलेल्या स्टूलमध्ये हुकवर्मची अंडी फुटून अळ्या निघतात, म्हणून शिळ्या सँपलवर नुसती अळी बघून नाव देऊ नये. आयोडीनचा थेंब सोडा, वळवळ थांबेल आणि आतलं दिसेल. तोंडापासून आत जाणारी नळी आखूड आणि शरीराच्या मध्याजवळ जननेंद्रियाचा ठळक लांबट ठिपका असेल तर स्ट्राँजिलॉइडिस. नळी लांब आणि ठिपका जवळपास दिसतच नसेल तर हुकवर्म. तरीही ताजं सँपल मागवाच. ते फ्रिजमध्ये ठेवू नका, अळ्या मंदावतात आणि मग बेअरमनमध्ये (कोमट पाण्यात अळ्या वेगळ्या करायची पद्धत) खाली उतरत नाहीत. अगार प्लेट (अळ्या वाढवायची थाळी) लावणार असाल तर ग्लोव्हज घाला, त्यात वाढलेल्या फायलेरिफॉर्म, म्हणजे संसर्ग करणाऱ्या अळ्या त्वचेतून आत शिरतात.

काटो-कॅट्झला हुकवर्म नाही म्हणता, पट्टी किती वेळाने बघितलीत?

काचपट्टी:
तीन-एक तासांनी. मॅन्सोनीची अंडी तोपर्यंत छान उठून दिसतात, म्हणून इथे तशीच पद्धत आहे.

जुना लॅबवाला:
मॅन्सोनीसाठी ते ठीक. हुकवर्मसाठी नाही. ग्लिसरीनमध्ये त्याची अंडी पारदर्शक होत जातात आणि अर्ध्या ते एक तासानंतर दिसेनाशी होतात. म्हणजे तुमच्या पट्टीने हुकवर्मबद्दल काही सांगितलेलंच नाही. पट्टी एकच असली तरी ती दोनदा वाचायची: तासाच्या आत हुकवर्मसाठी, नंतर मॅन्सोनीसाठी. नेहमीचा 41.7 मिलिग्रॅमचा साचा असेल तर 9 गुणिले 24, ग्रॅममागे 216 अंडी. ही मध्यम तीव्रता झाली. स्ट्राँजिलॉइडिससाठी मात्र काटो-कॅट्झची आशाच सोडा.

रविवारचा_वाचक:
मी क्षेत्रातला नाही, एक बाळबोध प्रश्न. इतके जंत एकाच माणसात असू शकतात?

जुना लॅबवाला:
असतातच. अनवाणी पाय, नदीचं पाणी आणि चावणाऱ्या माश्या एकाच माणसाच्या वाट्याला आल्यावर दुसरं काय होणार? त्रास आपल्या बाजूचा असतो. एक ठळक परोपजीवी सापडला की डोळे सैल पडतात आणि पट्टीचा उरलेला भाग उरकला जातो. मी पहिला सापडला की त्याचं नाव लिहून ठेवतो आणि पट्टी पुन्हा कोपऱ्यापासून सुरू करतो.

जिम्सावाली:
स्किन स्निपचं राहिलं. ऑन्कोसर्कासाठी (त्वचेत राहणारा फायलेरिया, ‘रिव्हर ब्लाइंडनेस’चा) दोन्ही बाजूंच्या कंबरेच्या हाडावरून घ्या आणि रक्त न येईल इतकं वरवरचं घ्या. रक्त आलं तर या रुग्णाच्या रक्तातले लोआ आणि बारके, दोन्ही स्निपमध्ये उतरतील आणि नवाच घोळ होईल. सलाइनमध्ये ठेवा, लगेच काही दिसलं नाही तर 24 तासांनी पुन्हा बघा. काही निघालं तर स्टेन करा. ऑन्कोसर्काला आवरण नसतं आणि शेपटीचं टोक रिकामं असतं. टोकापर्यंत केंद्रकं आणि शेपूट आकड्यासारखी वळलेली दिसली तर मॅन्सोनेला स्ट्रेप्टोसर्काचा विचार करा.

काचपट्टी:
सगळं करून परत आलोय. बारक्याच्या शेपटीत केंद्रकं टोकापर्यंत, टोक बोथट, मोजमापही जुळलं: पर्स्टन्स. रात्रीच्या रक्तात रिकाम्या शेपटीचा एकही नाही. दुपारच्या स्मिअरवर लोआ 212, म्हणजे मिलिलिटरला 10,600. ताज्या स्टूलमध्येही अळ्या मिळाल्या, नळी आखूड, ठिपका ठळक. हुकवर्मची अंडीही निघाली, पाऊण तासात बघितली तेव्हा. स्निपमध्ये काही नाही.

रिपोर्टचा मसुदा असा: ‘रक्त, दुपारी 1, थिक स्मिअर: लोआ लोआ 10,600 प्रति मिलिलिटर, मॅन्सोनेला पर्स्टन्स. रात्रीचं रक्त: बँक्रॉफ्टी आढळला नाही. स्टूल: शिस्टोसोमा मॅन्सोनी, ग्रॅममागे 216 अंडी, हुकवर्मची अंडी, स्ट्राँजिलॉइडिसच्या अळ्या. ऑन्कोसर्का: निगेटिव्ह.’

जुना लॅबवाला:
छान. लोआचा आकडा आणि स्ट्राँजिलॉइडिस एकाच पानावर येतील असं बघा, आणि कागद जाण्याआधी डॉक्टरांना फोन करा. 10,600 म्हणजे 30,000 च्या खाली पण 8,000 च्या वर, औषधाचा निर्णय त्यांनी घ्यायचा आहे. औषध द्यायला काही दिवस लागणार असतील तर दुपारीच पुन्हा रक्त घेऊन मोजा, हा आकडा खालीवर होतो.

जिम्सावाली:
शेवटची ओळ बदला. ‘निगेटिव्ह’ नको. ‘दोन स्किन स्निपमध्ये 24 तासांनंतर मायक्रोफायलेरिया आढळले नाहीत’ असं लिहा.

काचपट्टी:
बदललं. फोन करतोय.