बी विंग ग्रुप: घोट्यांवरची सूज

नीता ४०२: काल विचारलं, कुणीच बोललं नाही म्हणून परत टाकते. सासूबाईंचे दोन्ही घोटे संध्याकाळी सुजतात, मोज्याचा वळ उठतो. पाटीलकाकांनी टाकलेला काढा द्यायचा का? बीपीची गोळी बदललीय.

पाटील काका २०३: *फॉरवर्ड* गोखरू, पुनर्नवा, धने, ज्येष्ठमध समभाग. रोज दोन कप. सात दिवसांत अंगातलं पाणी बाहेर! सर्वांना पाठवा 🙏

वैद्य मुग्धा ५०१: काका, यातला ज्येष्ठमध आधी काढा. त्याने शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम घटतं, बीपी चढतं. सुजेवर तो द्यायचाच नाही.

पाटील काका: आपले पूर्वज खुळे होते का?

मुग्धा: त्यांनी तो घशाला, खोकल्याला दिला.

सुहास मेडिकल १०४: नीताताई, गोळीवर अ‍ॅम्लोडिपिन लिहिलंय का? ५ मिलिग्रॅमची १० झाली असेल तर घोटे सुजणं नेहमीचं. बारीक रोहिण्या सैल पडतात, केशवाहिन्यांतला दाब वाढतो, पाणी झिरपून घोट्यात उतरतं. शरीरात जादा पाणी साठलेलंच नसतं, म्हणून लघवी वाढवणारी गोळी काय नि गोखरू काय, फारसा फरक पडत नाही. गोळी मनाने बंद करू नका. डॉक्टर डोस कमी करतात किंवा जोडीला दुसरी देतात. गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक (दुखण्याची गोळी) चालू असेल तर तेही सांगा, ते शरीरात मीठ अडवतं.

नीता: १० चीच आहे. आणि गुडघ्याचीही चालू आहे 😟

शेट्ये काकू ३०१: पाणी साचण्यावरून आठवलं, पार्किंगमधलं कधी निघणार?

सेक्रेटरी: काकू, पंपाचं कोटेशन टाकलंय. आधी थकबाकीदारांनी मेंटेनन्स भरावा.

शेट्ये काकू: नाव घेऊन बोला.

रोहन ६०३: पार्किंगला काढा पाजा, सात दिवसांत पाणी बाहेर 😄

पाटील काका: *फॉरवर्ड* गोखरू, पुनर्नवा, धने, ज्येष्ठमध समभाग...

मुग्धा: काका, कृपया! पाळीआधी अंग जड होतं किंवा खारट खाऊन चेहरा सुजतो, तिथे चालेल असं लिहिते.
धन्याचा हिम: १० ग्रॅम धने जाडसर भरडून ६० मिली गार पाण्यात रात्रभर. सकाळी कुस्करून, गाळून लगेच प्यायचा.
गोखरूचा काढा: १० ग्रॅम भरड, १६० मिली पाणी, झाकण न ठेवता मंद आचेवर ४० मिली उरेपर्यंत. पूड घेऊ नका, तळाला लागते आणि गाळलीही जात नाही. मोठ्या आचेवर पाणी भराभर आटतं, अर्क उतरत नाही. ताजाच प्यायचा, तोही सकाळी. रात्री दिला तर म्हातारी माणसं लघवीला उठताना पडतात. हृदय, किडनीचा आजार किंवा लिथियमची गोळी असेल तर विचारल्याशिवाय नको.

शेट्ये काकू: पुनर्नवा म्हणजे घेटुळीच. मात्र तिच्या नावाखाली भलतंच तण विकतात. खरीला बारीक गुलाबी फुलांचे झुबके, फळं कपड्याला चिकटतात. दुसरीचं पान मांसल आणि फूल पानाच्या बेचक्यात एकेकटं. ती घेऊ नका.

नीता: शहाळं? आणि मिठाऐवजी सैंधव?

सुहास: सैंधवही सोडियम क्लोराइडच. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचा, त्यातच पापड-लोणचं धरा. पापडखारातही सोडियम असतं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन अशी पोटॅशियम वाढवणारी गोळी चालू असेल किंवा किडनी कमजोर असेल तर रोज देऊ नका.

रोहन: दुधीचा रस?

मुग्धा: आधी तुकडा चाखा. कडू लागला तर फेका. कडू दुधीच्या रसाने रक्ताच्या उलट्या होतात, बीपी कोसळतं.

पाटील काका: *फॉरवर्ड* गोखरू, पुनर्नवा, धने समभाग... (ज्येष्ठमध काढला. खूश?)

मुग्धा: "सात दिवसांत" आणि "सर्वांना पाठवा" पण काढा काका 🙏

नीता: डॉक्टरांची उद्याची वेळ मिळाली. तोवर?

मुग्धा: पाय उशांवर, छातीपेक्षा वर. सकाळी नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबा, खळगा किती वेळ राहतो ते लिहून न्या. सगळ्या गोळ्यांची पाकिटंही न्या. एकच पाय सुजला, दुखरा, गरम लागला किंवा आडवं झाल्यावर दम लागला तर उद्याची वाट बघू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा.