मदत हवी आहे: हॅलोपेरिडॉलने डोके झटकणे थांबते की उंदीरच सुस्त होतो?

एम. फार्म.चा प्रबंध चालू आहे. स्विस अल्बिनो नर उंदरांना डीओआय (५-एचटी२ए हा सेरोटोनिन रिसेप्टर चेतवून डोके झटकायला लावणारे रसायन) १ मिग्रॅ/किलो पोटाच्या पोकळीत टोचून ३० मिनिटांत डोके किती वेळा झटकतात ते मोजतेय. तपासायचे औषध (क्लोझापिन किंवा हॅलोपेरिडॉल, दोन्ही मनोविकारावरची) त्याआधी अर्धा तास.

क्लोझापिन १ मिग्रॅला झटके जवळजवळ बंद. ते अपेक्षितच, ५-एचटी२ए रिसेप्टर अडतो. पण हॅलोपेरिडॉल ०.२ मिग्रॅलाही निम्मे झाले, आणि त्याचा मुख्य भर तर डी२ या डोपामिन रिसेप्टरवर! ॲक्टोफोटोमीटरवर (हालचाल मोजणारे यंत्र) हालचालही घटली, त्यामुळे आकड्यावर विश्वास बसत नाही. क्लोझापिनचीही गुंगी येतेच म्हणा, पण तिथे निदान कारण माहीत आहे.

व्हेइकल गट (औषधाशिवाय नुसते द्रावण दिलेला) ठीक आहे, मोजणी व्हिडिओवरून, गट लपवून, दोघींनी केली. रोटारॉडवर (फिरत्या दांड्यावर तोल तपासणे) फरक नाही. कॅटॅलेप्सीची (अंग ताठरून एकाच स्थितीत राहणे) बार टेस्ट, म्हणजे पुढचे पाय दांडीवर ठेवून उंदीर किती वेळ तसाच राहतो ते पाहणे, अजून केलेली नाही. निवडकपणे ५-एचटी२ए अडवणारे व्होलिनान्सेरिन बजेटबाहेर. प्राणी नैतिकता समितीच्या मंजुरीतले सहाच उंदीर उरलेत, म्हणजे एकच गट.

तो हॅलोपेरिडॉलच्या कमी डोसवर, समजा ०.०५ वर, खर्च करू की केटान्सेरिनवर (तेही ५-एचटी२ए अडवते)? आणि त्याच उंदरांवर झटके मोजून लगेच बार टेस्ट घेतली, तर परीक्षक मान्य करतील का?