मदत हवी आहे: नवीन प्रजातीचा लेख परत आला

शेवाळ: समुद्री गोगलगाय, शंख जेमतेम ३ मिमी. प्रजाती नवीनच आहे, त्यात शंका नाही. वर्णन दोन पानं भरून दिलंय, तरी परीक्षक म्हणतात 'डायग्नोसिस अपुरं'. अजून काय हवंय यांना? लवकर सांगा. 'आधी वाचन वाढवा' छाप सल्ले नकोत.

कालव: जिवंत मिळाली की रिकामे शंख? नमुने किती? कुळ कोणतं? फोटो?

शेवाळ: रिकामे, वाळू चाळून काढलेले. आठ. कुळ रिसोइडी असावं.

जनुकराव: सीओआय जनुक (प्रजाती ओळखायला वापरतात तो) वाचून घ्या, विषय संपला. नुसत्या आकारावर आता कोण विश्वास ठेवतं?

कालव: रिकाम्या शंखाचा सीओआय? कधीकधी निघतो, पण ३ मिमीचा शंख त्यासाठी दळणार का? प्राण्यांच्या नामकरणाच्या नियमावलीत डीएनएची सक्ती नाही. शेवाळ, प्राणी कसा दिसतो ते वर्णन. जवळच्या प्रजातींहून वेगळा कशावरून, ते डायग्नोसिस. तुलना कुणाशी केलीत? टोकावरच्या प्रोटोकाँचचा, म्हणजे अळी असतानाच्या शंखाचा, एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा) फोटो आहे का? मोठेपणी सारख्या दिसणाऱ्या प्रजाती तिथे वेगळ्या निघतात: दीडेक वेटोळं असेल तर अळी फारशी तरंगत नसावी, तीन-चार असतील तर बराच काळ प्लवकात असावी. वाळूत घासलेल्या शंखांचं नेमकं तेच टोक झिजतं.

पुळण: नमुने फॉर्मालिनमध्ये ठेवा, वर्षानुवर्षं टिकतात.

जनुकराव: अजिबात नको! ते आम्ल होत जातं, चुन्याचं कवच खातं. रिकामे शंख कोरडेच ठेवा. जिवंत मिळाली तर इथेनॉल.

पुळण: आमच्या वेळी सगळे तेच वापरायचे. असो. नाव काय ठेवताय? स्वतःचं देऊ नका, बंदी नसली तरी लोक हसतात. आणि प्रजातीचं विशेषण प्रजातीगणाच्या नावाच्या लिंगाशी जुळवा: रिसोआ हा गण असेल तर तो स्त्रीलिंगी, म्हणून 'अल्बा' (पांढरी), 'अल्बस' नव्हे.

शेवाळ: नावाचं कुणी विचारलंय?

कालव: होलोटाइप, म्हणजे नाव ज्याला बांधलेलं असतं तो एक नमुना, कुठे जमा केलाय?

शेवाळ: माझ्याकडेच आहे, डबीत.

कालव: मग डायग्नोसिस सुधारूनही अडेल. १९९९ नंतरच्या नावांना होलोटाइप ठरवल्याचं आणि तो कोणत्या संग्रहात आहे किंवा जाणार आहे, हे लेखातच लिहावं लागतं. नियतकालिक फक्त ऑनलाइन असेल तर झूबँकची (प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीची) नोंदही लेखात हवी, २०१२ पासून. आणि आठही एकाच प्रजातीचे कशावरून?

शेवाळ: दोन जरा फुगीर आहेत. लहान-मोठं वय असेल.

कालव: मुखाची कड जाड झालीय का? झाली असेल तर वाढ पूर्ण झालेली असते, वयाची सबब चालणार नाही. ते दोन पॅराटाइपमध्ये (होलोटाइपसोबतच्या बाकीच्या नमुन्यांत) घालू नका.

शेवाळ: झालीय. दोन्हींची.